तोख्ताचा घास

सोमवारी सकाळी हनिफा-ओपांनी पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीला सहज हात लावला आणि तो ओला होऊन परत आला.

"अहो, भिंत रडतेय."

"रडू दे. होईल थोड्या वेळानं गप्प," सोबिर-अका मान वर न करता म्हणाले. त्यांच्यापुढे अंथरलेल्या दस्तरखानावर चहाची किटली, मनुकांची वाटी आणि कोकंद शहराच्या सगळ्या बसगाड्यांचं नवं वेळापत्रक असं सगळं एकदमच मांडलेलं होतं. बस आगारात गाड्या सोडण्यात तीस वर्षं घालवलेला हा माणूस. नवरोजपासून नवं वेळापत्रक लागू व्हायचं होतं, शुक्रवारी ते संचालकांच्या टेबलावर हवं होतं, आणि तीन नंबरची बस काही केल्या सात नंबरच्या बसशी जुळवून घ्यायला तयार नव्हती.

"अहो, भिंत कुठली ते तरी बघा!"

आता मात्र सोबिर-अका ताडकन उठले. ती साधी भिंत नव्हती. त्या भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावर तोख्ताचा नान होता.

तोख्ता म्हणजे तोख्तासिन, त्यांचा एकुलता एक मुलगा. नावाचा अर्थ 'थांबो'. त्याच्या आधीची दोन बाळं थांबली नव्हती, म्हणून तिसऱ्याला हे नाव ठेवलं, आणि तो थांबलाही. चोवीस वर्षं थांबला. मग कोरियातल्या एका कारखान्यात मोटारींची दारं जोडायची नोकरी लागली आणि विमानात बसला. निघताना उंबऱ्यात उभं राहून त्यानं रीतीप्रमाणे ताज्या नानचा एक घास चावून घेतला आणि उरलेला नान आईनं भिंतीवर टांगला. जाणाऱ्यानं एक घास घ्यायचा, बाकीच्या नाननं त्याची वाट बघायची, आणि आल्यावर त्यानंच तो संपवायचा. या गोष्टीला तीन वर्षं चार महिने झाले होते. अकराव्या वर्षी तुतीच्या झाडावरून पडून तोख्ताचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता, त्यामुळे त्या चाव्याच्या मधोमध नानचा एक छोटा सुळका तसाच उभा राहिला होता. शंभर नान ओळीनं मांडले असते तरी त्यातून तो ओळखू आला असता.

हे सगळं बायकांचं खूळ आहे, असं सोबिर-अका आगारात सांगत. पण रोज सकाळी कामावर निघताना ते एक मिनिट त्या खोलीत जाऊन येत. टोपी राहिली, म्हणत. टोपी बहुतेक वेळा डोक्यावरच असे.

तर भिंतीच्या पोटात न्हाणीघराचा नळ फुटला होता. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा दुपारी मोहल्ला समितीचा कागद आला. हनिफा-ओपा तो हातात घेऊन तडक समितीच्या कचेरीत गेल्या आणि लालबुंद होऊन परतल्या.

"घराघराच्या याद्या नव्यानं करतायत म्हणे! तीन वर्षांच्या वर जो बाहेर आहे, त्याचं नाव घरच्या यादीतून काढायचं आणि दुसऱ्या यादीत घालायचं. त्या यादीचं नाव काय, तर 'गेलेले'! माझा पोरगा काय गेलाय?"

"अगं, कागदावरची गोष्ट आहे ती."

"कागदावरून सुद्धा मी माझ्या पोराला घराबाहेर काढू देणार नाही. हाशिम अक्सकालांना म्हटलं, त्याचा नान अजून भिंतीवर आहे. ज्याचा नान भिंतीवर, तो घरातला. मोहल्ल्यात कुणालाही विचारा."

"मग काय म्हणाले अक्सकाल?"

"म्हणाले, शनिवारी येतो घरी. बघतो डोळ्यांनी. मग लिहितो काय लिहायचं ते."

हाशिम अक्सकाल म्हणजे मोहल्ल्याचे वडीलधारे आणि समितीचे प्रमुख. ऐंशीला टेकलेले, पण शब्दाचे पक्के. शनिवार म्हणाले की शनिवारच.

त्यातून मंगळवारी सकाळी हनिफा-ओपांना भाचीच्या लग्नासाठी मर्गिलानला जायचं होतं, ते थेट शुक्रवारी संध्याकाळी परत. गाडीत बसेपर्यंत त्यांनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली.

"भिंत पडली तरी चालेल, नान सांभाळा. दोन्ही हातांनी काढा. उलटा ठेवू नका. जमिनीवर ठेवू नका. आणि पायांच्या वर ठेवा, उंच."

"अगं, मी शहराच्या चाळीस बस सांभाळतो."

"म्हणून तर सांगतेय," हनिफा-ओपा म्हणाल्या आणि सवयीप्रमाणे छातीशी हात लावून आत खोचलेली रुमालाची गाठ चाचपून पाहिली. प्रवासाला निघताना त्या नेहमी असं करत. भाड्याची मोड बांधलेली असेल, असं सोबिर-अका समजत.

काबिल उस्ता आला तो बरोबर नऊ वाजता. नळाचं आणि गिलाव्याचं काम त्याच्यासारखं कोणी करत नसे, आणि त्याच्याइतका भिडस्त माणूसही कोकंदात दुसरा नव्हता. दाराएवढा देह, पण भिंतीवर हातोडा घालायच्या आधीसुद्धा तो "माफ करा हं" असं पुटपुटत असे.

सोबिर-अकांनी बिस्मिल्ला म्हणून नान दोन्ही हातांनी उतरवला, कपाळाला लावला आणि निळ्या चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळला. बेकरीतून आणलेला ताजा नानही दस्तरखानावर निळ्या चौकड्यांच्या फडक्यातच होता, कारण हनिफा-ओपांनी बाजारातून एकाच ताग्याची दोन फडकी शिवून घेतली होती. एवढ्यात फोन वाजला. संचालक होते. "सोबिर-अका, सात नंबर बाजारात अडकलीय, आणि तुमचा तो कागद कुठवर आला?" एका हातात फोन, काखेत एक गाठोडं, दुसऱ्या हातात दुसरं गाठोडं, अशा अवस्थेत सोबिर-अकांनी एक गाठोडं कपाटाच्या डोक्यावर उंच ठेवलं, दुसरं स्वैपाकघरात ठेवलं, आणि बुटात पाय घालता घालता ओरडले, "उस्ता, चुलीवर मटणाचा शुर्पा आहे. नान निळ्या फडक्यात. लाजू नकोस, सगळं संपव!"

संध्याकाळी ते परतले तेव्हा भिंतीला भलंमोठं भोक पडलं होतं, नळ जोडला होता, शुर्प्याचं पातेलं घासून पालथं घातलं होतं आणि स्वैपाकघरातल्या फडक्याची नीट घडी होती. खाली एक कणसुद्धा सांडलेला नव्हता. माणूस असावा तर असा, सोबिर-अका मनात म्हणाले. कपाटावरच्या गाठोड्याला त्यांनी लांबूनच मान लववली आणि वेळापत्रक घेऊन बसले.

बुधवारी काबिल उस्ता आला तो हातात भलं मोठं बोचकं घेऊन.

"हे काय?"

"काही नाही अका. आमच्या घरच्या तंदूरचे चार नान. थोडं दही. बायको म्हणाली, घेऊन जा."

"अरे पण यजमान मी की तू? कामावर येणाऱ्यानं जेवण आणायचं असतं होय?"

उस्ता चुळबुळला. त्यानं बुटांकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं. "दिवस सगळ्यांचेच सारखे नसतात, अका. वहिनी पण घरी नाहीत. काल मी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"काय सांगितलंस?"

"नानबद्दल. वाईट नाही हं! चव उत्तम होती. फक्त जरा... बसलेला होता. मी आधी हातानं तोडायला गेलो. मग माफ करा म्हणून हातोडीनं दोन तुकडे केले आणि तासभर शुर्प्यात भिजवला. सगळा संपवला, अका. नान टाकायचा नसतो. चावलेली कड होती ना, ती सुद्धा. मला वाटलं, वहिनींनी चाखून बघितला असेल."

सोबिर-अकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्टूल ओढलं, कपाटावरचं गाठोडं काढलं आणि सोडलं. आत बेकरीचा नान होता, कालचा, गोल गरगरीत, वरचे तीळ अजून चमकत होते.

"आणि तू मला बोलला का नाहीस?"

"यजमानाच्या नानला नावं ठेवायची?" उस्ता घाबरून म्हणाला. "आमच्या आईनं तसं शिकवलं नाही."

मग सोबिर-अकांनी त्याला तो नान कोणाचा होता ते सांगितलं. काबिल उस्ता मटकन खाली बसला. "म्हणजे मी तुमच्या पोराची वाट खाल्ली," तो म्हणाला, आणि हे ऐकून सोबिर-अकांना पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. बायकांचं खूळ म्हणणाऱ्या या माणसाला अक्सकाल आठवले नाहीत, यादी आठवली नाही. आपण शेवटच्या वेळी त्या नानला काय बोललो होतो, तेवढंच आठवलं. 'आज थंडी आहे रे, गरम घाल काहीतरी,' असं म्हटलं होतं.

"शुक्रवार संध्याकाळच्या आत त्या खिळ्यावर नान पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "आमच्या हिला कळलं तर ती खचेल. मला ओरडली तर चालेल. पण ती ओरडणार नाही, ती गप्प बसेल."

त्याच बेकरीतला तसाच नान मिळवणं सोपं होतं. खरी अडचण होती दाताची. सोबिर-अकांनी दार लावून घेतलं आणि एका नानचा चावा घेतला. त्यांची वरची कवळी नवी होती. चावा असा सरळ पडला की जणू पट्टी लावून कापलाय. मग उस्तानं दुसरा उचलला, "माफ करा" म्हटलं आणि एका घासात पाव नान नाहीसा केला. चावलेला नान टाकायची तर सोय नाही. दोघांनी आपापली चूक चहाबरोबर बसून संपवली.

"मी थापीनं कोरून देतो," उस्ता म्हणाला. "असा सुळका काढतो की बघत राहाल."

"थापीनं? अरे, काहीही झालं तरी माणसाचा दात हवा रे त्याला!"

असं म्हणताना सोबिर-अकांच्या डोळ्यांपुढे आगार आलं. चाळीस बस, साठ चालक आणि त्यांचे सगळ्यांचे मिळून हजारापेक्षा जास्त दात.

गुरुवारी सकाळी सोबिर-अका गाड्या सोडायच्या खिडकीत उभे राहून प्रत्येक चालकाशी विनोद करू लागले. तीस वर्षांत त्यांनी कोणाशी विनोद केलेला नव्हता. चालक आधी दचकले, मग भीत भीत हसले, आणि सोबिर-अका खिडकीतून अर्धे बाहेर वाकून त्यांच्या तोंडात बघू लागले. दहाच्या सुमाराला आगारात बातमी पसरली की आरोग्य तपासणी आलीय आणि ज्याचे दात वाईट त्याला घरी बसवणार आहेत. दोन चालक पोट दुखतंय म्हणून निघून गेले. पाच नंबरची बस चालकाविना उभी राहिली आणि सोबिर-अकांच्या वेळापत्रकाचं आणखी एक पान फाटलं.

अकरा वाजता तीन नंबरच्या बसचा मामाजान आला आणि खिडकीत हसला. पुढचा एक दात, बरोबर अर्धा. तिरकाही तसाच. सोबिर-अकांना त्याचा मुका घ्यावासा वाटला. त्यांनी त्याला आत ओढलं, दार लावलं आणि पिशवीतून नान काढून पुढे केला.

"मामाजान, एक चावा घे."

त्यानं 'का' म्हणून विचारलं नाही. नान हातात फिरवून पाहिला. "किती आत? चार बोटं ना? आणि तीळ सांडायला नकोत वरचे."

एरवी कोणाला या प्रश्नाचं नवल वाटलं असतं. पण त्याच वेळी फोन वाजत होता, दारावर पाच नंबरचे प्रवासी थापा मारत होते आणि घोडं पुढच्याच गोष्टीवर अडलं होतं.

"पण सोबिर-अका," मामाजान म्हणाला, "जो चावतो त्याला लांब जावं लागतं. आणि नान संपेपर्यंत जिवाला घोर. फुकट कोण चावेल?"

"तू रोज आठ वेळा स्टेशनला जातोस आणि आठ वेळा परत येतोस. तुला कसला घोर?"

"ते खरं. पण पहाटेची पहिली फेरी नको मला. ती दुसऱ्या कुणाला तरी द्या."

सोबिर-अकांनी डोळे मिटून होकार दिला. मामाजाननं सफाईनं चावा घेतला. सुळका अगदी तसाच उभा राहिला. क्षणभर सोबिर-अकांना उंबऱ्यात उभा असलेला, तोंड भरून हसणारा तोख्ता दिसला.

मात्र पहिली फेरी मामाजानकडून काढली, ती शरीफला दिली, शरीफची दुपारची फेरी तुर्गुनला गेली, आणि तुर्गुनची कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शुक्रवारी दुपारी संचालकांनी सोबिर-अकांना बोलावलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"सोबिर-अका, तीस वर्षं तुमच्या वेळापत्रकात चूक काढायला मला जागा मिळाली नाही. आज तीन नंबरची बस सात पस्तीसला बाजारातून निघते आणि सात पस्तीसलाच स्टेशनवर पोचते. घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी गिलावा चाललाय," सोबिर-अका म्हणाले. संचालकांनी स्वतःच्या घरचा गिलावा गेल्याच वर्षी करून घेतला होता. त्यांनी उसासा टाकला आणि सोमवारपर्यंत मुदत दिली.

घरी काबिल उस्तानं कमाल केली होती. भिंत तुळतुळीत झाली होती, आणि ओला गिलावा वाळवायच्या मोठ्या हीटरपुढे दोरीला टांगलेला नान दीड दिवस भाजून, वाळून, खडखडीत होऊन लटकत होता. वरून त्यानं चहाच्या पाण्याचा हात फिरवला होता आणि तीन वर्षांची धूळ फडक्यानं अलगद टिपली होती. हात लावला तर टणक, वाजवला तर ठणठण. खिळा जुन्याच जागी. खोलीत तेवढा बेकरीचा वास भरून राहिला होता, त्यासाठी सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या.

हनिफा-ओपा आल्या. सामान खाली ठेवायच्या आधी त्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या, नानपुढे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. सोबिर-अका दारात, त्यांच्या मागे काबिल उस्ता.

"भिंत छान झाली," त्या म्हणाल्या. "उस्ता, तुम्ही इतके घामाघूम का?"

"गिलावा होता, वहिनी," उस्ता म्हणाला, आणि 'माफ करा' म्हणून पळाला.

शनिवारी अकरा वाजता हाशिम अक्सकाल आले. पांढरी दाढी, काठी, काखेत याद्यांची वही. हनिफा-ओपांनी दस्तरखान मांडला, चहा ओतला, तळलेले समसे पुढे केले. अक्सकालांनी एक समसा सावकाश खाल्ला, हात पुसले, चष्मा लावला आणि काठी टेकत भिंतीजवळ गेले. नान जवळून बघितला. मग डोकं तिरकं करून बघितला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"सोबिर," ते म्हणाले, "हा तुझ्या पोराचा घास?"

सोबिर-अकांनी तोंड उघडलं. एक 'हो' म्हटलं की झालं होतं. वहीत नाव तसंच राहिलं असतं, हनिफाला काही कळलं नसतं. पण समोर नान होता. खोटा म्हटला तरी नानच होता, आणि नानसमोर उभं राहून खोटं बोललेला माणूस सोबिर-अकांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

हनिफा-ओपांचा किटलीवरचा हात थांबला.

"नाही, अक्सकाल. पोराचा नान माझ्या हातून गेला. मी गाठोडी बदलली. काबिल उस्तानं तो शुर्प्यात बुडवून खाल्ला, त्याचा काही दोष नाही, त्याला मीच सांगितलं सगळं संपव म्हणून. हा मी नवा आणून वाळवलाय." मग ते बायकोकडे वळले, पण तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. "तू दहा वेळा सांगून गेलीस. मी चाळीस बस सांभाळतो म्हणालो. आणि मला एक नान सांभाळता आला नाही गं. नाव काढायचं तर माझं काढा, अक्सकाल. पोराचं राहू दे."

मग हनिफा-ओपांनी शांतपणे पियाल्यात चहा ओतला.

"मामाजाननं या खेपेला काय मागितलं?" त्यांनी विचारलं.

सोबिर-अकांना आधी प्रश्नच कळला नाही. "पहाटेची फेरी बदलून," ते यांत्रिकपणे म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे विस्फारले. "या खेपेला?"

"गप्प राहायचं म्हणून माझ्याकडून दर वर्षी बीही फळाच्या मुरंब्याची बरणी घेतो, लबाड! पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी नान खाल्ला होता, अहो. तुम्ही आगारात होता. मी तीन नंबरच्या बसनं बाजारात निघाले होते नवा आणायला, रडत रडत. त्यानं विचारलं, खाला, काय झालं? आणि असा हसला, मला धीर द्यायला. दात दिसला."

"म्हणजे उस्तानं खाल्ला तो..."

"मामाजानचाच."

इतका वेळ गप्प असलेल्या अक्सकालांच्या दाढीत काहीतरी हलू लागलं. ते हसत होते. "या आठवड्यात मी अकरा घरांत नान बघितले," ते म्हणाले. "त्यातल्या चार घरांत हाच दात आहे. मुलगे चौघांचे वेगळे, देश वेगळे, आणि दात एक! मी म्हटलं, आपल्या मोहल्ल्यात उंदीर फार झालेत, की तीन नंबरची बस फार हळू चालते?"

सोबिर-अका खाली बसले. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. "मग आमच्या तोख्ताचं कसं, अक्सकाल? नान त्याचा नाही. कुठल्या तोंडानं सांगू नाव ठेवा म्हणून?"

अक्सकाल उत्तर देणार होते, पण त्याआधी हनिफा-ओपांनी छातीशी हात नेला आणि रुमालाची गाठ बाहेर काढली. भाड्याची मोड नव्हतीच तिच्यात. गाठ सुटली तेव्हा आत नखाएवढा, काळपट पडलेला नानचा एक कपचा होता. मधला सुळका.

"उंदरांनी एवढा ठेवला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनाही पोरं असतील. तेव्हापासून माझ्यापाशीच आहे. मर्गिलानला पण होता. लग्नात नाचला माझ्याबरोबर."

हाशिम अक्सकालांनी तो तुकडा तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. मग वही उघडली. तोख्तासिन सोबिर-ओग्ली, वय सत्तावीस, या नावापुढे त्यांनी जपून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'घरचा. वाटेत आहे.'

"असा रकाना आहे का वहीत?" सोबिर-अकांनी विचारलं. ते शेवटी कागदांचे माणूस.

"चार घरांत लिहिलाय. आता झाला रकाना," अक्सकाल म्हणाले, आणि जाताना आणखी एक समसा उचलून घेतला.

ते गेल्यावर दस्तरखानापाशी दोघंच उरले. चहा निवून गेला. सोबिर-अकांनी त्या कपच्याला एका बोटानं, अगदी हलकेच स्पर्श केला.

"खरा नान तुझ्यापाशी होता," ते म्हणाले. "भिंतीवरचा खोटा आहे हे तुला ठाऊक होतं. मग जाताना मला दहा वेळा कशाला बजावलंस? आठवडाभर माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं!"

हनिफा-ओपांनी रुमालाची गाठ बांधता बांधता त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही रोज सकाळी टोपी शोधायला या खोलीत येता," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्याशी बोलता. मी चार दिवस घरी नसणार होते. तुम्हाला बोलायला कुणीतरी नको?"

सोबिर-अकांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि ते म्हणाले, उस्तानं चुना जरा जास्तच वापरलाय.

सोमवारी सकाळी वेळापत्रकाची गुंडाळी काखेत मारून ते निघाले आणि टोपी राहिली म्हणून परत आत गेले. स्वैपाकघरातून हनिफा-ओपांना त्यांचा आवाज ऐकू येत होता, आज आवाज खाली ठेवायचं त्यांना भान नव्हतं.

"तोख्ता, निघतो रे. तिकडे थंडी असेल तर गरम घाल. आई बरी आहे. तुझं नाव घरच्याच यादीत आहे." मग थोडं थांबून, घसा खाकरून ते म्हणाले, "आणि मामाजान, तुझी फेरी आता सहा चाळीसची. उशीर करू नकोस."